यंदा पोफळी धरल्या

आईचा गुडघा बदलून आठ महिने झाले तेव्हा शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी तिला विचारलं, "आजी, आता कुठे फिरून यावंसं वाटतं का?" मला वाटलं ती पंढरपूर म्हणेल. ती म्हणाली, "मला चार दिवस कुठल्या तरी आगरात नेऊन सोडा." डॉक्टर विदर्भातले. आगर म्हणजे समुद्राला लागून असलेली नारळी-पोफळीची, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, हे त्यांना मीच सांगितलं.

आईचं माहेर गुहागर तालुक्यातलं. मामांनी घर आणि आगर १९९७ साली विकलं. त्यानंतर ती त्या गावाला एकदाही गेली नाही, आणि "चल, लांबून तरी बघून येऊ" म्हटलं की विषय बदलते. म्हणून त्या बाजूला जायचं नाही, एवढं मी मनाशी ठरवून टाकलं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एकदा समुद्राकाठच्या एका रिसॉर्टवर जाऊन आलो होतो. फोटोत झाडं होती. प्रत्यक्षात अंगणभर सिमेंटचे ठोकळे बसवलेले, नारळांच्या बुंध्यांना निळे दिवे गुंडाळलेले, आणि रात्री साडेअकरापर्यंत स्पीकर. आईने सकाळी मऊभात मिळेल का विचारलं, तर टोस्ट आला. ती काही बोलली नाही. परतताना गाडीत एवढंच म्हणाली, "दिवे लावले तर झाडांनी झोपायचं कधी?" ते वाक्य मला फार लागलं. त्यामुळे या वेळी जागा शोधताना मी खोल्यांचे फोटो बघितलेच नाहीत. फोन करून एकच विचारायचे: तुमचं अंगण कसलं आहे? सात ठिकाणी फरशी किंवा काँक्रीट निघालं. आठव्या ठिकाणी पलीकडून एक बाई म्हणाल्या, "शेणाने सारवलेलं आहे हो. चालेल ना तुम्हाला?"

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ठाण्याहून मांडवी एक्सप्रेसने खेडला उतरलो. आई असल्यामुळे गाडीने घाट नकोच होता. खेडहून दापोली रिक्षाने तासाभरात येतं. दापोली डोंगरावर, तिथे अजून जरा हवा असते. मग आसूदच्या उतारावर पहिल्या पोफळी दिसल्या आणि आई खिडकीकडे सरकून बसली. हर्णैला मासळीचा वास आला, पुढे पाजपंढरी, आंजर्ल्याच्या खाडीवरचा पूल. आमचं गाव आंजर्ल्याच्या पुढे, केळशीच्या अलीकडे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पाहुण्यांसाठी तीनच खोल्या आहेत, आणि घरच्या मालकीणबाईंनी, म्हणजे वहिनींनी, हात जोडून सांगितलंय की गर्दी झेपणार नाही.

जांभ्या दगडाचं कुंपण, म्हणजे गडगा, त्याला बांबूचं बेडं, म्हणजे फाटक, आत शिरलं की लाल पायवाट आणि दोन्ही बाजूंना केळी. घर चौपाखी, कौलारू. चार-पाच पायऱ्या चढून ओटी, मग पडवी, माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परसात विहीर. अंगणावर पोफळीच्या वाशांचा मांडव, वर नारळाचे झाप. दुपारी दोनच्या उन्हात त्या मांडवाखाली पाऊल टाकलं आणि कपाळावरचा घाम तिथल्या तिथे निवला. कोकणात पाऊस गेला की अंगण खणून, माती ओली करून लाकडी चोपण्याने चोपतात, मग सारवतात आणि त्याच्यावर मांडव घालतात. पावसाच्या तोंडावर मांडव उतरतो. म्हणजे हे अंगण दर वर्षी नव्याने करावं लागतं. फरशी एकदा घातली की सुटका, हे खरंच आहे. म्हणूनच ज्यांनी ती घातली नाही त्यांच्याबद्दल मला आदर वाटला.

ओटीच्या पायऱ्या उंच होत्या. आईने कठड्याला धरून पहिली पायरी चढायला पाय उचलला, तो अर्ध्यावर थांबला. मी आणि वहिनींनी दोन बाजूंनी धरून तिला वर घेतलं. तिचा चेहरा उतरला. संध्याकाळी आम्ही चहा पिऊन अंगणात यायला निघालो, तर प्रत्येक पायरीपुढे एकेक चिरा मांडून ठेवलेला होता. एका पायरीच्या दोन झाल्या. मालकांनी, त्यांना सगळे दादाच म्हणतात, दुपारच्या झोपेच्या वेळात तासणीने चिरे तासून, हलू नयेत म्हणून बुडाशी माती भरून ते बसवले होते. विचारलं नाही, सांगितलं नाही. आई एकटी उतरली आणि एकटी चढली. चार दिवसांत मी तिला पायरीवर एकदाही धरलं नाही.

आमची खोली म्हणजे जुना गोठा. तीन खोल्या त्या गोठ्यातच काढल्यात. गव्हाण होती ती तशीच ठेवून तिच्यावर फळी टाकली आहे, बसायला. भिंती चिऱ्याच्या, आतून चुन्याने रंगवलेल्या. दारं फणसाची, अजून पिवळी. फणसाचं लाकूड वर्षांनुवर्षं तांबूस होत जातं, म्हणजे दारं नवीन होती. वर मंगलोरी कौलं. एक उतरवलेलं कौल खिडकीत ठेवलं होतं, त्याच्या पोटावर बासेल मिशनचा शिक्का आणि १८६५. मी आधी हरखले, कौल एवढं जुनं! पण १८६५ हे मंगळूरला त्यांचा कौलांचा कारखाना निघाला ते साल. शिक्क्यात तेच असायचं, कौल त्यानंतर कधीचंही असू शकतं. न्हाणीघरात कमोड आहे, धरायला दांडी आहे, मच्छरदाणी आहे. मोबाइलला रेंज फक्त विहिरीच्या काठावर. ज्यांना वयस्कर माणसांना घेऊन जायचंय त्यांच्यासाठी हे लिहिते, कारण फोनवर हे विचारायला आपल्याला संकोच वाटतो.

पहिल्या रात्री मी बराच वेळ जागी होते. समुद्र दिसत नाही, केवड्याच्या आणि सुरूच्या पलीकडे आहे, पण गाज सतत. मध्येच अंधारात काहीतरी सरसरत खाली यायचं आणि धप्प आवाज व्हायचा. मी दचकले. आई कुशीवर वळत म्हणाली, "चुडत पडलं. झोप." ते वाळलेल्या झावळीचं पडणं तिने अठ्ठावीस-तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. तरी झोपेतही ओळखलं.

पहाटे उठले तर शेजारचा पलंग रिकामा. चपला नाहीत. माझ्या पोटात गोळा आला. नवा गुडघा, ओली जमीन, काळोख. टॉर्च घेऊन परसात धावले. पंप चालू होता, पाटातून पाणी खळखळत होतं, दादा फावड्याने एकेक आळं फोडत पुढे चालले होते. विहिरीच्या डोणीपाशी दिव्याखाली आई खुर्चीत बसली होती, शेजारी दादांच्या आई, म्हणजे काकू, पाटावर. दोघींच्या मध्ये रात्री पडलेलं चुडत. दोघी केरसुणीसाठी हिर काढत होत्या.

हिर काढणं मी लहानपणी बघितलं असेल, आठवत नव्हतं. झावळीचं एक पातं ओढून घ्यायचं. डाव्या हातात त्याचं बूड. उजव्या हातातल्या छोट्या सुरीने मधल्या शिरेच्या एका बाजूने पात खरवडत टोकापर्यंत न्यायची, पातं उलटं करायचं, दुसरी बाजू. हातात उरतो तो हिर, चिवट, टोकाकडे निमुळता होत गेलेला. आईची बोटं संधिवाताने वाकडी आहेत. डबीचं झाकण तिला उघडत नाही. पण पातं हातात आलं की अंगठा आपोआप जागेवर जात होता, सुरी कागद फाडल्यासारखा आवाज करत सुटत होती, आणि प्रत्येक हिर खाली ठेवताना ती बुडं एका रेषेत लावत होती. मी बराच वेळ उभी राहून बघत होते. तिने वर न बघता विचारलं, "चहा झाला का गो?"

ही जागा मला का आवडली ते मला त्या पहाटे कळलं. तिथे कोणी आईला "तुम्ही पाहुण्या आहात, बसा" म्हटलं नाही. काकूंनी नुसतं चुडत तिच्या बाजूला सरकवलं. वयस्कर माणसाला आपण आराम देतो म्हणजे त्याच्या हातातलं सगळं काढून घेतो, मीही गेले आठ महिने तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ओले काजू आले. ओल्या काजूची उसळ सगळ्यांना खायची असते, सोलायचं कोणाला नसतं. काजूच्या सालातलं तेल जहाल, लागलं की कातडी भाजल्यासारखी काळी पडते आणि पुढे आठवडाभर सोलपटते. आईने आधी मला हातभर खोबरेल फासायला लावलं. मग विळीवर बी उभं धरून दोन फाकं करायची, आणि टोकदार काडीने गर उचकटायचा, तुटू न देता. पांढरा, त्याच्यावर पातळ साल, ते गरम पाण्यात घातलं की सुटतं. शंभर बिया सोलायला आम्हा तिघींना दीड तास लागला, त्यातल्या तीस आईच्या असतील आणि माझ्या जेमतेम वीस. उसळीला वाटण काही नाही: ओलं खोबरं, जिरं, मिरची, एक आमसूल. दुकानातल्या काजूला ही चव नसते, कारण तो भाजून, वाळवून आलेला असतो. ओल्या काजूला बदामाच्या दुधासारखी एक कच्ची गोडी असते.

बाकी जेवण घरचं. सकाळी मऊभात, मेतकूट, वर कढवलेलं तूप. नाहीतर घावन. दुपारी कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, आमसुलाचं सार. घरात मासे करत नाहीत. ज्यांना हवे त्यांच्यासाठी चार घरं सोडून एक मावशी सुरमई-बांगडा करून देतात. खोलीचे दिवसाला २८०० रुपये आणि माणशी जेवण वेगळं. मला ते जास्त वाटले नाहीत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा आगर दाखवायला घेऊन गेले. मला वाटलं होतं जुनी, दाट बाग असेल. तशी ती नव्हती. वर बघितलं तर मधोमध आभाळ मोकळं. उंच माड बरेच विरळ, आणि खाली सगळीकडे केळी आणि डोक्याच्या थोड्याच वर गेलेल्या पोफळी, ओळीत.

"३ जून २०२०," दादा म्हणाले. निसर्ग वादळ. दुपारी ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. "आधी माड हलायला लागले. ते हलतातच. मग पोफळी वाकल्या. त्यासुद्धा वाकतात, वाकून उठतात. त्या दिवशी उठल्या नाहीत." घरात सगळे माजघरात बसलेले, वर कौलं पत्त्यांसारखी उडत होती. संध्याकाळी ते बाहेर आले तर परसातून थेट समुद्र दिसत होता. त्या घरातून समुद्र कधीच दिसला नव्हता. सातशे चाळीस पोफळींतल्या अडतीस उभ्या होत्या. परसातला फणस मुळासकट आडवा. दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती, आणि गावातला वड पडला होता. काकूंनी पडलेल्या वडालाच सूत गुंडाळलं.

कित्येक आठवडे वीज नव्हती. कोरोनाची टाळेबंदी चालू, मुंबईहून माणूस येऊ शकत नाही, मजूर मिळत नाहीत. आंब्याचं झाड पडलं तर फांद्या छाटून, उभं करून मुळं झाकली की कधीकधी जगतं. पोफळीचं तसं नाही. तिला फांदी नसते, शेंड्याला एकच कोंब. शेंडा मोडला की झाड गेलं. आणि नवीन लावलेलं फळ धरायला पाच-सहा वर्षं. कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही, म्हणून आधी केळी लावायच्या आणि केळीच्या सावलीत पोफळ वाढवायची. मिरीच्या वेली पोफळींवरच चढवलेल्या, त्याही गेल्या. जायफळं सावलीअभावी होरपळली.

"मग खायचं काय सहा वर्षं?" मी विचारलं.

उत्तर वहिनींनी दिलं. त्या मागून कळशी घेऊन येत होत्या. "मी म्हटलं, झाडं उभी राहीपर्यंत माणसांवर जगू."

त्याच वर्षी राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं होतं. दादांनी नोंदणी केली. गोठ्यात तेव्हा एकच गाय उरली होती. पडलेल्या पोफळी चिरून वासे, रिपा केल्या, पडलेल्या फणसाची दारं. आमच्या खोलीचं ते पिवळं दार म्हणजे परसातला तो फणस. ऐकल्यावर रात्री दार लावताना मी त्याच्यावरून हात फिरवला.

खोल्यांचे पैसे आले तसे ते आगरात गेले. २०२१ च्या पावसाळ्यात पाचशे पोफळी लावल्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून जायफळाची कलमं आणली. जायफळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी लावलं तर काय निघालं ते कळायला सहा-सात वर्षं जातात, आणि निम्मी झाडं नर निघाली की ती तोडायची वेळ. कलम असेल तर आधीच माहीत असतं. दहा-वीस मादी झाडांमागे एखादा नर पुरतो. ही सगळी माहिती दादा प्रत्येक झाडापाशी थांबून, त्याच्या पानाला हात लावून सांगत होते. जुन्यातलं एक जायफळ वाचलं होतं, त्याची दोन फळं उकलली होती. पिवळ्या सालाच्या फटीत लालभडक जायपत्री, तिच्या जाळीतून दिसणारं काळं चकचकीत बी. आईने ती पत्री न तुटता सोडवून पदरात घेतली.

शेवटच्या ओळीत दादा थांबले आणि एका पोफळीकडे बोट दाखवलं. हिरव्या खोडावर, पानाची विरी, म्हणजे खोडाला गुंडाळलेलं पानाचं बूड, नुकती गळाली होती त्या जागी, पांढुरक्या काड्यांचा झुपका बाहेर आला होता. त्यांच्या बुडाशी मण्यांएवढी हिरवी बेडी, म्हणजे कोवळी सुपारीची फळं. "यंदा धरल्या," ते म्हणाले. "अकरा झाडं. सगळ्यांत आधी ही." एवढं बोलून ते पाटाकडे वळले आणि नसलेलं काहीतरी फावड्याने नीट करायला लागले. आई त्या झाडाजवळ गेली, खोडावर तळवा टेकवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. तिला तिच्या माहेरचं काय आठवलं ते मी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जाऊन आलो. वरपर्यंत गाडी जाते, तिथून सुवर्णदुर्ग स्पष्ट दिसतो. समुद्रावरही एकदा गेलो. खरं सांगायचं तर आईला त्यात फारसा रस नव्हता, तिला काकूंबरोबर केरसुणी बांधायला परत यायचं होतं.

आगर असलेल्या आणि खोल्या काढायच्या विचारात असलेल्या कोणी हे वाचत असेल तर माझी एक कळकळीची विनंती आहे. अंगणाला फरशी घालू नका, झाडांना दिवे बांधू नका. आम्ही येतो ते तुमचं आगर चालू असतं म्हणून. पहाटेचा पंप, चुडत पडल्याचा आवाज, सारवणाचा वास, यातलं काहीही आमच्यासाठी बंद करू नका. आणि जाणाऱ्यांनो, तिथे गेल्यावर पनीर मागू नका. कुयरीची भाजी खा.

निघताना वहिनींनी आईला पाटावर बसवून ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. सुपारी हातात घेऊन त्या म्हणाल्या, "ही बाजारातली आहे हो. पुढल्या खेपेला आमच्या झाडाची घालीन." आईचे डोळे भरले. तिने वहिनींना जवळ घेतलं आणि दोघी काही बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही.

केरसुणी आता आमच्या गॅलरीत आहे. आई रोज सकाळी तिने गॅलरी झाडते, बसून नाही, उभ्याने. परवा तिने माझ्याकडून फोन लावून घेतला. आधी धरलेल्या पोफळींची चौकशी झाली; अकराच्या चौदा झाल्यात. मग काकूंच्या खोकल्याची. शेवटी तिने वहिनींना बजावलं, "दिवाळी झाली की मी येत्येय. अंगण मी आल्याशिवाय चोपू नका." पलीकडून वहिनी गुडघ्याचं काहीतरी म्हणाल्या असाव्यात. आई म्हणाली, "अगो, मी कुठे चोपत्येय? खुर्ची टाकून बसेन. माती किती ओली हवी ते सांगायला कोणी नको का?"